पांढऱ्या पट्ट्यातले मास्तर

मास्तरांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कराटेचा पांढरा पट्टा कमरेला बांधला, आणि तोही उलट्या गाठीने. पोट आडवं येत असल्यामुळे गाठ सारखी खाली सरकायची. पट्ट्याची दोन्ही टोकं सारखी लांब असावी लागतात, पण मास्तरांचं एक टोक कमरेशी घुटमळायचं आणि दुसरं गुडघ्याला टेकायचं. पुढच्या रांगेतली दुधाचे दात पडलेली पोरं मागे वळून वळून खुदखुदायची. मास्तरही त्यांच्याबरोबर हसायचे आणि गाठ पुन्हा सोडून बांधायचे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. छतावर पाटी लावलेल्या त्या बुटक्या गाडीत, शिकणाऱ्याच्या शेजारी, ते रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसत. त्यांच्या बाजूला स्टिअरिंग नव्हतं, पण पायाखाली एक जादा ब्रेक होता. अर्ध्या परिसराने त्या ब्रेकच्या भरवशावर गाडी शिकून घेतली होती. कोणी क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उडवायचं, कोणी चढावर मागच्या रिक्षेच्या अंगावर जायचं. मास्तरांचा आवाज कधी चढला नाही. "घाबरू नका, मी आहे ना," एवढंच म्हणायचे आणि उजवा पाय अलगद दाबायचे. अशा माणसाला लोक देवमाणूस म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला? लोक घरी राहायला येत नाहीत.

घरी काय झालं होतं ते मास्तर, त्यांची बायको आणि लेक एवढ्या तिघांनाच ठाऊक होतं. लेक तेव्हा बारा वर्षांची होती. त्या दिवशी एका शिकाऊने ऐन चौकात भलत्याच वेळी गाडी पुढे दामटली होती. रस्ता ओलांडणारा म्हातारा केवळ मास्तरांच्या पायामुळे वाचला. मास्तर घरी आले, किल्ली खुंटीला लावली आणि तोंड धुवायला गेले. तेवढ्यात लेकीने ती किल्ली काढली, मैत्रिणीला गाडीत बसवलं आणि ऐटीत हँडब्रेक सोडून दाखवला. गाडी उतारावरून घरंगळली आणि फाटकाच्या खांबाला जाऊन टेकली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मास्तर टॉवेल हातात घेऊन धावत आले, लेकीला दंडाला धरून घरात आणलं आणि त्यांचा हात उठला. पोर चपलांच्या मांडणीवर जाऊन पडली. पुढे काही दिवस तिला एका कानाने नीट ऐकू येत नव्हतं.

आपण भीतीपोटी मारलं, असं मास्तर नंतर म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण गालाला त्याचा काय उपयोग? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय म्हणायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माफी मागितली. लेक "ठीक आहे" म्हणाली आणि दप्तर भरायला लागली.

ठीक काहीच नव्हतं. मास्तरांनी फळीवरचा डबा काढायला हात वर केला की लेकीचे डोळे गच्च मिटायचे. पंख्याचं बटण दाबायला हात गेला तरी मिटायचे. क्षणभरच, पण मिटायचे. तिला स्वतःला त्याचा भयंकर राग यायचा. डोळे उघडले की ती अशी काही बघायची, की मास्तर हात खाली घेऊन डब्याशिवायच परत जायचे. हळूहळू मास्तरांनी घरात हात वर करणंच सोडलं. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांकडे बघणाऱ्या बाईच्या नजरेतून हे सुटेल कसं? तिनेच लेकीला कराटेच्या वर्गात घातलं.

टेबल टेनिस क्लबच्या तळघरात वर्ग भरायचा. लाल-निळ्या रबरी चटया, भिंतीला लावलेला एक लांब आरसा आणि ओल्या मोज्यांचा वास. शिकवणाऱ्या मॅडम ठेंगण्या होत्या, पण पायऱ्यांवर त्यांचं पाऊल वाजलं की हॉल चिडीचूप व्हायचा. मास्तर लेकीला सोडायचे आणि बाकावर बसून राहायचे. बसल्या बसल्या उंटावरून शेळ्या हाकणारे इतर पालक असतात, तसे ते नव्हते, गप्प बसायचे. तिथेच त्यांनी ते पाहिलं. समोरून थोराड मुलगे ठोसे फेकत होते आणि लेक एकामागून एक अडवत होती. तिचे डोळे टक्क उघडे होते. पापणी लवत नव्हती.

म्हणजे ते डोळे मिटणं सगळ्यांसाठी नव्हतं. फक्त त्यांच्या एकट्यासाठी होतं.

त्या रात्री मास्तर जेवले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनी मॅडमना विचारलं, "माझ्या वयाच्या माणसाला घेता का?" का विचारलं, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. घरात लेकीसमोर उभं राहायला त्यांच्याकडे काही निमित्त उरलं नव्हतं. इथे निदान सगळ्यांनी एकमेकांना वाकून नमस्कार करायचा नियम होता. नियमापुरती का होईना, ती त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली असती.

शिकताना मास्तरांनी सगळ्या चुका केल्या. अंगठा मुठीत दाबून ठोसा मारला आणि आठवडाभर गिअर टाकताना कळवळले. ठोसा मारताना पोटातून ओरडायचं असतं, तर यांच्या तोंडून "सॉरी" निघायचं. मॅडम म्हणाल्या, "मास्तर, इथे सॉरी नंतर म्हणायचं, आधी मारायचं." लेक वरच्या पट्ट्याच्या रांगेत, हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला असायची. तिने कधी मान वळवून पाहिलं नाही. बापाने आपल्या मागे इथेही यावं हे तिला आवडलेलं नव्हतं, आणि तिने ते लपवलंही नाही.

लेक पंधरा वर्षांची झाली आणि तिची काळ्याच्या खालच्या तपकिरी पट्ट्याची परीक्षा ठरली. मॅडमच्या वर्गाचा एक जुना नियम होता. परीक्षेच्या शेवटी जो हल्ला परतवायचा, तो कसलेल्या मुलाने करायचा नाही. पांढऱ्या पट्ट्यातल्या नवशिक्याने करायचा. "शिकलेल्या माणसाचा ठोसा सरळ येतो," मॅडम म्हणायच्या, "अडाण्याचा कुठून येईल सांगता येत नाही. रस्त्यावर कोण शिकून येतं?" नवशिक्याने चेहऱ्याच्या रोखाने जीव लावून मारायचं. परीक्षा देणाऱ्याने तो हात अडवायचा आणि उलट ठोसा समोरच्याच्या तोंडापासून बोटभर अंतरावर थांबवायचा. नवशिक्याने मुद्दाम हात आखडला तर परीक्षा बाद, आणि उलट ठोसा चेहऱ्याला लागला तरी बाद. समोर कोणाला उभं करायचं ते मात्र परीक्षा देणाऱ्याने निवडायचं.

मॅडमनी विचारलं, "बोल, कोण हवं?"

पांढऱ्या पट्ट्यात एक बँकेतल्या बाई होत्या, एक कॉलेजचा मुलगा होता, बाकी सगळी चिल्लीपिल्ली. लेकीने कोणाकडेच पाहिलं नाही. "बाबा," ती म्हणाली.

हॉलमध्ये सगळ्यांच्या चेहऱ्यावर कौतुक पसरलं. बापलेकीची जोडी, किती छान, असं बँकेतल्या बाई म्हणाल्यासुद्धा. मास्तर मात्र घाबरले. चौकात म्हातारा आडवा आला तेव्हा घाबरले होते, त्याहून जास्त.

सराव सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला. मास्तर आवेशाने निघायचे, हात पुढे यायचा आणि उजवा पाय मध्येच टाच रोवून चटईत दाबला जायचा. हात हवेत लटकून राहायचा. मॅडमनी पाचदा करून घेतलं, पाचही वेळा तेच. मॅडम खाली वाकून पायाकडे बघत राहिल्या.

"मास्तर, हे काय करताय पायाने?"

मास्तरांनाही तेव्हाच कळलं. "ब्रेक मारतोय," ते ओशाळून म्हणाले.

पोरं हसून लोळली. मॅडमनाही हसू आवरेना. लेक हसली नाही. ती पवित्र्यात तशीच उभी होती आणि मास्तरांनी नीट पाहिलं तर तिचे डोळे गच्च मिटून आत्ताच उघडल्यासारखे ओलसर होते. हात पोचलाच नव्हता, तरी ते मिटले होते. बाकी कोणाला दिसलं नाही. ते दिसायला समोर उभं असावं लागतं.

"तुम्ही तिला वाचवताय," मॅडम म्हणाल्या. "तिचं तिला वाचू द्या."

सांगणं सोपं होतं. मास्तर सकाळी शिकवणी सुरू होण्याआधी गाडी शिकवायच्या मैदानावर जायला लागले. एका खांबाला जुनी उशी बांधली आणि तिच्यावर धावून जाऊ लागले. उशीवर पाय थांबायचा नाही. उशीच्या जागी लेकीचा चेहरा आणला की पाय आपोआप गच्च. संध्याकाळी लेकीसमोर तर विचारूच नका. परीक्षा आठवड्यावर आली तरी त्यांचा एकही ठोसा तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

घरात वातावरण असं झालं की भांडं पडलं तरी तिघं दचकायची. शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही नाही म्हणून सांगा मॅडमना. कॉलेजचा पोरगा उभा राहील."

"तिनेच मला निवडलंय."

"ती लहान आहे. तिला कळत नाही काय मागतेय ते."

"मला कळतंय," लेक दारातून म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली ते कोणाला कळलं नव्हतं. "बाबा, तू थांबतोस म्हणून मला जमत नाहीये. तू खरं मारलंस तर जमेल."

"तुला लागेल गं."

"लागलं तर माझं चुकलं म्हणून लागेल."

"माझा हातच जात नाही, काय करू?"

लेकीने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "मागे तर थांबला नव्हतास," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

तीन वर्षांत हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. बायकोने गॅस बंद केला आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिली. मास्तरांना वाटलं, पोरीने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती तर वेळ विचारावी तशी बोलली होती.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे मोठे सर आले होते. पांढऱ्या मिशांचे, सावकाश बोलणारे. चूक दिसली की नुसतं बोट वर करायचे. लेकीने सगळे प्रकार बिनचूक केले. मोठ्या सरांचं बोट एकदाही वर गेलं नाही. बाकावर बसलेल्या बायकोच्या हातात पाण्याची बाटली होती आणि ती तिचं झाकण उघडत होती, लावत होती. मग मॅडमनी मास्तरांना खूण केली.

दोघं समोरासमोर उभी राहिली, वाकली. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मोठ्या सरांनी इशारा केला, मास्तर निघाले, आणि पायाने दगा दिला. टाच चटईत रुतली. हात वीतभर अलीकडे थांबला. लेकीचे डोळे मिटले आणि उघडले.

मोठ्या सरांचं बोट वर गेलं. "असा ठोसा चालणार नाही. आणखी एकदा. यावेळीही थांबलात तर परीक्षा इथेच संपली."

मास्तर मागे जाऊन उभे राहिले. त्यांना एकदम फार म्हातारं झाल्यासारखं वाटलं. जन्मभर त्यांनी एकच गोष्ट केली होती, दुसऱ्याचं चुकायच्या आत पाय दाबायचा. एकदाच दाबला नव्हता, आणि त्याची भरपाई म्हणून ते तीन वर्षं घरभर ब्रेक मारत फिरत होते. हात वर करायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही, तिच्या वाटेत यायचं नाही. पोरीला ते नकोच होतं. ती दर वेळी डोळे मिटत होती आणि डोळे मिटल्यावर काहीच घडत नव्हतं. मग ते डोळे उघडे ठेवायला तिने शिकावं तरी कसं? त्या संध्याकाळी हात त्यांच्या रागाने गेला होता. आज तो तिने मागितला होता. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिने मान हलवली, अगदी थोडी.

इशारा झाला. मास्तर निघाले ते पोटातून ओरडतच. आपला आवाज त्यांना स्वतःला ओळखू आला नाही. पाय थांबला नाही. सगळं वजन मुठीत घेऊन हात लेकीच्या तोंडावर गेला, आणि त्या अर्ध्या क्षणात मास्तरांना वाटलं की आपण पुन्हा तेच केलं, आता हे कधीच निस्तरणार नाही.

त्यांच्या मनगटावर काहीतरी फाडकन आदळलं आणि हात बाजूला फेकला गेला. तिचा हात होता तो. तिचे डोळे उघडे होते. मास्तर त्या डोळ्यांतच बघत होते, म्हणून उलट आलेला ठोसा त्यांना दिसलाच नाही. तो बोटभर अंतरावर थांबला नाही. सरळ ओठावर बसला. मास्तर दोन पावलं मागे हेलपाटले आणि त्यांच्या पांढऱ्या अंगरख्यावर रक्ताचे थेंब पडले.

बायको बाकावरून उठली. मॅडम पुढे झाल्या. मोठ्या सरांचं बोट वर गेलेलं होतं.

"माझं चुकलं," मास्तर घाईघाईने म्हणाले. ओठ सुजत होता, शब्द बोबडे येत होते. "माझा पाय घसरला. मीच पुढे आलो. पोरीचा हात थांबला होता."

ते पटण्याजोगं होतं. नवशिक्या माणूस, त्यात हे पोट, घसरला असेल. मोठे सर मॅडमकडे बघून मिशीला हात लावायला लागले. बोट खाली येण्याच्या बेतात होतं. तपकिरी पट्टा घडी घालून टेबलावर ठेवलेला होता. लेकीने काही बोलायची गरजच नव्हती.

"नाही सर," लेक म्हणाली. "ते पुढे आले नव्हते. मी मारलं."

"चुकून लागलं ना?" मोठ्या सरांनी विचारलं. भल्या माणसाने अजून एक दार उघडून दिलं होतं.

लेकीने मास्तरांच्या ओठाकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली.

परीक्षा बाद झाली. मोठे सर रागावले नाहीत. ज्याला हात थांबवता येत नाही त्याला वरचा पट्टा देता येत नाही, पुढच्या वेळी ये, एवढं बोलून त्यांनी पुढच्या मुलाचं नाव पुकारलं. लेक मोठ्या सरांपुढे वाकली, मॅडमपुढे वाकली, आणि मग वळून मास्तरांपुढे वाकली. मास्तरही तोंडावर हात धरून वाकले. गाठ सुटून पट्टा खाली पडला, पण या वेळी कोणी हसलं नाही.

हॉलच्या मागे बोळात हात धुवायचं बेसिन होतं. मास्तर तिथे चूळ भरत होते. लेक क्लबच्या फ्रीजमधून बर्फ घेऊन आली, रुमालात गुंडाळला आणि त्यांच्या ओठावर दाबून धरला. ओठ चांगलाच झणझणत होता. इतक्या जवळ ती तीन वर्षांत आली नव्हती.

"फिटलं का गं?" मास्तरांनी रुमालाआडून विचारलं.

"नाही," लेक म्हणाली. "ते असं फिटत नाही."

मास्तरांनी मान हलवली. त्यांनाही ते ठाऊक होतं. विचारल्याशिवाय राहवलं नव्हतं, इतकंच.

"पट्टा गेला तुझा," थोड्या वेळाने ते म्हणाले. "मी सांगितलं होतं तेवढ्यावर गप्प बसली असतीस तर..."

"तू खोटं का बोललास?"

"तुला वाचवायला."

"नको वाचवू." तिने रुमालाची घडी बदलली. मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "बाबा, एक सांग. तुझा हात आला तेव्हा माझे डोळे उघडे होते का मिटले होते? मला स्वतःला कळलं नाही. आणि खरं सांग, मघासारखं नको."

सगळ्या हॉलमध्ये ते पाहणारे मास्तर एकटेच होते.

"उघडे होते," ते म्हणाले. "अगदी शेवटपर्यंत. मी बघत होतो."

लेकीने ऐकलं. तिचा चेहरा हळूहळू वाकडा झाला आणि ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, नाक गळेपर्यंत. मास्तरांनी हात उचलला, खांद्याच्याही वर, आणि तिच्या डोक्यावर ठेवला. हात येत असताना ती रडत, उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती.